मखरातला पाहुणा कुठला?

रायगडच्या किनारपट्टीवर, अलिबाग-रेवदंड्यापासून मुरूड-श्रीवर्धनपर्यंत, जुन्या कौलारू घरांच्या माळ्यावर एखादी लाकडी पेटी असते. वर्षातून एकदा, गणपती जवळ आले की ती खाली येते. आत भाताचं तूस, आणि तुसात पुरलेले रंगीत काचेचे गोळे. कुणाकडे दोन, कुणाकडे दहा-बारा. निळे, हिरवे, सोनेरी, रुपेरी. आतून आरशासारखे चकचकीत, डोक्यावर पितळी टोपी, टोपीला कडी. मखराच्या वर, तुळईला किंवा छताच्या वाशाला ते टांगले जातात आणि विसर्जनानंतर पुन्हा तुसात जातात.

कुठले हो हे, असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं: ‘बेल्जियमचे.’ आपल्याकडे जुनी काच म्हणजे बेल्जियमची, मग ती आरशाची असो, हंडीची असो की लोणच्याच्या बरणीची. आणि किंमत? ‘आजोबा सांगायचे, लाखाची वस्तू आहे.’

खरं काय असेल? गंमत अशी, की हे सगळं त्या गोळ्यालाच विचारता येतं. चिठ्ठी नाही, शिक्का नाही, पावती तर नाहीच नाही. तरी तो आपलं गाव सांगतो, वय सांगतो आणि खोटा असेल तर तेही सांगतो. फक्त आपण जिकडे कधीच पाहत नाही तिकडे पाहावं लागतं.

आधी गोळा हातात घ्या, दोन्ही हातांनी. जड आहे ना? ख्रिसमसच्या झाडावर लावतात तो काचेचा गोळा फुंकरीने उडेल असा हलका असतो. हा तसा नाही. याची भिंत जाड आहे. जर्मनीत अशा गोळ्याला ‘कूगेल’ म्हणतात आणि जगभरचे संग्राहक त्याला त्याच नावाने ओळखतात. त्याचं सगळ्यात प्रसिद्ध माहेर म्हणजे थुरिंगियाच्या जंगलातलं लाउशा हे गाव. १५९७ मध्ये हान्स ग्रायनर आणि क्रिस्टोफ म्युलर यांनी तिथे काचभट्टी लावली, आणि तेव्हापासून हे गाव काच फुंकत आलं आहे. भट्टीला लाकूड हवं, ते जंगलात. वाळू हवी, ती डोंगरात. पुढे याच गावात मण्यांपासून काचेच्या कृत्रिम डोळ्यांपर्यंत सगळं होऊ लागलं. १८४८ च्या एका मागणीवहीत झाडावर लावायच्या काचेच्या गोळ्यांची नोंद सापडते. जाड, आरसेदार गोळेही याच सुमाराचे. म्हणजे आपल्या रेवदंड्याच्या तुळईला लटकणारा पाहुणा बेल्जियमपेक्षा जर्मनीचा असण्याचीच शक्यता जास्त. फ्रान्सच्या पूर्व भागातही असे गोळे होत, तेही ध्यानात ठेवा.

आता तो किती गोल आहे ते पाहा. हा साच्यात घातलेला नाही, हवेत फुंकलेला आहे. लांब नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा लगदा, दुसऱ्या टोकाला माणसाचं तोंड, आणि नळी सतत फिरती. पण फुंकून इतका एकसारखा गोळा होतो तरी कसा? एखादी बाजू पातळ होऊन फुटायला हवी ना? इथे काच स्वतःच कारागिराला मदत करते. फुगताना जिथे भिंत पातळ होते तिथे ती लवकर थंड होते, थंड झाली की ताठरते आणि ताणली जायची थांबते. जिथे जाड आहे तिथे ऊब टिकून असते, म्हणून तीच बाजू पुढे ताणली जाते. पातळ थांबते, जाड पुढे येते. चूक होऊ लागली की ती आपोआप सुधारली जाते! कारागिराचं कौशल्य आहेच, पण निम्मं काम उष्णतेनेच केलेलं असतं.

नंतर गोळा नळीपासून तोडावा लागतो. तोडला की तिथे एक भोक राहतं. आणि आपल्या तपासाची सगळ्यात मोलाची जागा हीच.

टोपी हलक्या हाताने, खाली गादी अंथरून, जरा वर उचलून बघा. ओढू नका. आत वाकवलेली तार असते. ती भोकातून आत गेली की पसरते, आणि सगळा गोळा तिच्यावरच तोललेला असतो. जुन्या जाड गोळ्यात नळीचा गळा पार मुळापासून कापलेला दिसतो. गळा नाहीच, नुसतं भोक, आणि टोपी थेट गोळ्याच्या अंगावर बसलेली. नंतरच्या पातळ गोळ्यांना मात्र गळ्याची छोटी नळी राखलेली असते आणि टोपी तिच्यावर बुचासारखी बसते. हा फरक नुसत्या शैलीचा नाही. १८६७ मध्ये लाउशाला गॅसचा कारखाना आला. गॅसची ज्योत हवी तशी बारीक-मोठी करता येते, त्यामुळे घरच्या टेबलावर बसून कागदासारखी पातळ काच फुंकणं सोपं झालं. जाड गोळा आणि पातळ गोळा यांच्या मध्ये गॅसची ती ज्योत उभी आहे. जाड गोळे त्यानंतरही होत राहिले, म्हणून जाडीवरून थेट साल सांगता येत नाही, पण घराणं नक्की कळतं.

भोकाच्या काठावरच आणखी एक साक्ष मिळते. तिथे काचेची कड उघडी असते. ती निळी आहे का? असेल तर रंग काचेच्या आतच आहे, भट्टीतच मिसळलेला. कड पांढरी आणि गोळा निळा असेल तर वरून रंग चढवलेला आहे. हा दुसरा प्रकार बहुतेक उशिराचा आणि स्वस्तातला.

टोपीकडे या. जुनी टोपी पातळ पितळेच्या पत्र्याची, ठशाने पाकळ्यांची किंवा पानांची नक्षी उठवलेली. तिला चुंबक लावा. चिकटला तर आत लोखंड आहे आणि पितळ नुसतं मुलाम्याला. (अलिबागकरांना चुंबकाची परीक्षा मी काय सांगावी! मुंबईत विजेच्या ट्रामा येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापं बिघडतील म्हणून ती अलिबागला हलवली. १९०४ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद चालू आहे.) एकच विनंती, गणपती आले म्हणून ती टोपी चिंच लावून लखलखीत करू नका. काळवंडलेलं पितळ हा पुरावा आहे आणि पुरावा घासायचा नसतो.

आता आत डोकावू. गोळा आरशासारखा चमकतो, कारण त्याच्या आतल्या अंगाला धातूचा लेप आहे. पण एवढ्याशा भोकातून आत लेप लावला कसा? ब्रश जाणार नाही, बोट जाणार नाही.

सुरुवातीच्या गोळ्यांत शिसं, कथील, बिस्मथ अशा धातूंचं वितळलेलं मिश्रण ओतत, गोळा फिरवत आणि उरलेलं ओतून घेत. इथे एक चमत्कार आहे. शिसं ३२७ अंशाला वितळतं, बिस्मथ २७१ ला, कथील २३२ ला. ही तिन्ही योग्य प्रमाणात एकत्र केली तर मिश्रण किती अंशाला वितळावं? सरासरी काढाल तर पावणेतीनशेच्या आसपास. प्रत्यक्षात असं एक मिश्रण चहाच्या उकळत्या पाण्यातही वितळतं, शंभर अंशांच्या आतच! तीन घट्ट धातू एकत्र आले की एकमेकांची घडी बसू देत नाहीत, म्हणून लवकर पातळ होतात. एवढ्या कमी तापमानाला काच तडकत नाही, आणि गोळ्याच्या आत आरसा बसतो.

पुढे चांदी आली. युस्टुस फोन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३५ मध्ये पाहिलं, की चांदीच्या क्षाराच्या द्रावणात विशिष्ट सेंद्रिय द्रव्य घातलं की परीक्षानळीच्या काचेवर चांदीचा आरसा तयार होतो. १८५६ मध्ये त्याने काचेला चांदी चढवण्याची उपयोगी पद्धत दिली. बारावी सायन्स केलेल्यांनी हा प्रयोग केलेला आहे. सिल्व्हर नायट्रेट, अमोनिया, थोडं ग्लुकोज, गरम पाण्याचं भांडं, आणि बघता बघता परीक्षानळी आरसा होते. प्रॅक्टिकलचे मार्क घेऊन आपण ती धुऊन टाकली. लाउशाचा कारागीर तेच द्रावण गोळ्यात भरून हलवत होता!

आणि चांदी लागते किती? दहा सेंटिमीटर व्यासाचा गोळा धरा. लेप मिलीमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा जाड धरला तर त्याच्या आत अंदाजे ०.०३ ग्रॅम चांदी असते. एका ग्रॅम चांदीत असे तीस गोळे आतून मढतील. म्हणजे ‘चांदीचा गोळा’ म्हणून सराफाकडे नेलात तर त्याची एका चहाएवढीही किंमत येणार नाही. आपण ‘आरशाचा पारा उडाला’ म्हणतो. पण या गोळ्यांत बहुधा पाराही नसतो. जुने आरसे खरोखरच कथील आणि पाऱ्याने करत, गोळ्याला मात्र चांदी मिळाली.

लेपावर काळे डाग पडले असतील तर घाबरू नका. चांदी मिठाने नव्हे, गंधकाने काळवंडते. आणि आपल्या खाडीकाठच्या चिखलाला ओहोटीच्या वेळी जो वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचाच, म्हणजे गंधकाच्या त्याच वायूचा. टोपी सैल असेल तर असा वायू आत शिरणार. म्हणूनच लेप आतून ठिकठिकाणी काळवंडलेला असेल, काळेपणा टोपीपाशी जास्त आणि पोटाकडे कमी असेल, तर तो गोळा बराच काळ हवेशी झगडला असं समजायला हरकत नाही. उलट लेप सगळीकडे एकसारखा धुरकट असेल तर जरा थांबा. तो मुद्दाम जुना केलेला असू शकतो. पाणी मात्र आत जाऊ देऊ नका. आतून धुतलेला गोळा म्हणजे लेप गेलेला गोळा.

पण इतका उद्योग कशासाठी? नुसत्या शोभेसाठी?

विजेआधीचं घर डोळ्यांपुढे आणा. माजघरात दोन समया, एखादी हंडी, बाकी अंधार. अशा खोलीत आरशाचा गोळा काय करतो? तो फुगीर आरसा आहे. सपाट आरसा समोरची एकच दिशा दाखवतो. गोल आरशात जवळपास सगळी खोली मावते, पुढची, बाजूची, वरची, अगदी मागच्या भिंतीचा बराच भागही, फक्त त्याच्या पाठीआडचा छोटा तुकडा सोडून. दहा गोळे टांगले की एका समईची ज्योत दहा ठिकाणी दिसते, आणि तुम्ही हललात की दहाही ज्योती हलतात. मखराभोवती फिरणारं मूल प्रत्येक गोळ्यात स्वतःलाच पाहतं, कारण गोळ्यातल्या चित्राच्या मधोमध नेहमी पाहणाराच असतो. हाच गुण आज सिनेमावाले वापरतात. चित्रीकरणाच्या जागी चकचकीत गोळा ठेवून त्याचे फोटो काढतात. त्यावरून तिथला प्रकाश कुठून किती येतो ते संगणकाला कळतं आणि मग संगणकातला राक्षस खऱ्या अंगणात उभा असल्यासारखा दिसतो.

आणखी एक गोष्ट सांगायची तर मला हसू येतं. आपण म्हणतो, ‘ख्रिसमसचा गोळा आणून आपल्या लोकांनी गणपतीला लावला.’ पण जाड कूगेल झाडासाठी होताच कुठे! सूचिपर्णी झाडाची फांदी त्याच्या वजनाने वाकेल. युरोपातही तो खिडकीत, छताला, तुळईला टांगत. म्हणजे कोकणातल्या माणसाने तो बरोबर जागी टांगला. देव बदलला, छत बदललं, टांगण्याची रीत तीच.

भारतात आणखी कुठे आहेत असे गोळे? जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात महाराजा तखतसिंगांचं तखत विलास नावाचं दालन आहे. ते १८४३ ते १८७३ गादीवर होते. त्या दालनाचं छत रंगीत काचेच्या गोळ्यांनी भरलेलं आहे. राजाला शोभलं ते पुढे साध्या उंबऱ्यापर्यंत उतरत गेलं.

किनाऱ्यापर्यंत ते आले समुद्रमार्गानेच. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि युरोपचा माल आफ्रिकेला वळसा न घालता मुंबईत उतरू लागला. मुंबईच्या बाजारातून तो कोकणच्या चाकरमान्याच्या गाठोड्यात आला, मचव्यात, नंतर रेवसच्या बोटीत. आणि इथे पंचांग आडवं येतं. उघड्या समुद्रावरची गलबतं पावसाळाभर बंद, ती नारळी पौर्णिमेला नारळ वाहून सुटायची. श्रावणी पौर्णिमा ते भाद्रपद शुद्ध चतुर्थी, हिशेब करा, १९ तिथी. एवढ्याच दिवसांत मखराचा माल घरी पोचायला हवा! गणपतीच्या बाजारात एवढी घाई का असते, त्याचं एक कारण हेही असावं.

समुद्रातून काच येण्याची ही पहिली वेळही नव्हे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविक-ग्रंथात भडोचच्या बंदरात कच्ची काच उतरत असल्याची नोंद आहे, आणि त्याच किनाऱ्यावरच्या बंदरांच्या यादीत ‘सेमिल्ला’ आहे. अभ्यासक ते आपलं चौल मानतात.

पुढचा अंक राजकारणाचा. लोकमान्यांनी १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव उभा केला; १९०५ पासून स्वदेशी आणि बहिष्काराची चळवळ पेटली. परदेशी साखर सोडा, परदेशी बांगड्या फोडा, आणि बाप्पाच्या डोक्यावर मात्र जर्मन गोळा! काही घरांत तो त्या काळात पेटीतच राहिला असेल. टिळकांच्या पाठिंब्याने पैसा फंडातून तळेगावला १९०८ मध्ये काचेचा कारखाना निघाला. १९१६ मध्ये ओगलेवाडीचा. म्हणून प्रत्येक जुनी काच परदेशीच, असंही समजू नका. १९१४ ला महायुद्ध सुरू झालं आणि जर्मनी-ऑस्ट्रियाचा माल बंद पडला. ती जागा जपानने भरली. जाड जर्मन गोळा तुमच्या घरी असेल तर तो १९१४ च्या आधी आला असण्याची शक्यता बरीच आहे. युद्धानंतरचे पातळ गोळे जर्मन, चेकोस्लोव्हाकियाचे किंवा जपानीही असू शकतात.

मालावर देशाचं नाव असेल तर ते साधं दिसतं, पण फार कामाचं असतं. ब्रिटनने १८८७ मध्ये व्यापारचिन्हांचा कायदा केला, भारतात १८८९ मध्ये आला, आणि परदेशी मालावर देशाचं नाव छापण्याची रीत पडली. पेटीच्या पुठ्ठ्यावर, चिटोऱ्यावर किंवा धातूच्या तुकड्यावर ‘मेड इन जर्मनी’ असेल तर वस्तू साधारण त्यानंतरची. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर १९१८ च्या ऑक्टोबरनंतरची, कारण त्याआधी तो देशच नव्हता. नकाशा बदलला आणि आपल्या माळ्यावरच्या पुठ्ठ्याला तारीख मिळाली! ‘ऑक्युपाइड जपान’ असं काही असेल तर ती वस्तू १९५२ च्या पुढे जाऊच शकत नाही, तेव्हा जपान पुन्हा स्वतंत्र झाला.

गोळ्यांशेजारी टांगलेली बिलोरी हंडी विसरलात का? तिचा रंग पिवळसर हिरवा असेल तर एक खेळ करा. नोटा तपासायची जांभळी टॉर्च मिळते, ती अंधारात हंडीवर धरा. काच हिरव्या रंगात पेटली तर तिच्यात युरेनियम आहे! बोहेमियाच्या रीडेल घराण्याने १८३० च्या दशकात युरेनियम मिसळलेली काच बाजारात आणली. बोहेमियातल्या याखिमोव्हच्या खाणींतून मिळणाऱ्या खनिजातून काचेला आणि चिनी मातीला रंग देण्यासाठी युरेनियम काढून घेत आणि उरलेला गाळ टाकून देत. तो ‘टाकाऊ’ गाळ १८९८ च्या सुमारास पियर आणि मारी क्युरी यांनी मागवला, आणि त्यातच रेडियम सापडलं. काच रंगवणाऱ्यांनी फेकलेल्या राडारोड्यातून एक मूलद्रव्य निघालं. तुमची हंडी त्या धंद्याची मावसबहीण म्हणा ना. किरणोत्सर्ग अगदी थोडा असतो, टांगून ठेवायला काही हरकत नाही. मात्र तिच्यातून पन्हं पिऊ नका, एवढंच.

आता किंमत. बहुतेकांचं सगळं लक्ष इथेच असतं.

रंग पहिला. रुपेरी आणि सोनेरी गोळे सगळ्यात जास्त सापडतात, हिरवे आणि गडद निळे त्याखालोखाल, लाल कमी आणि जांभळा अगदी दुर्मीळ. त्यातही द्राक्षांच्या घडाच्या किंवा उभ्या पट्ट्यांच्या आकाराला साध्या गोळ्यापेक्षा मागणी मोठी. दुसरं, अवस्था. चीर, कापलेली टोपी, धुतलेला लेप, घासलेलं पितळ, प्रत्येकाने किंमत खाली येते. तिसरं, खरेपणा. गेल्या काही दशकांत आपल्याच देशात कूगेलच्या नकला मोठ्या प्रमाणात झाल्या आणि परदेशात ‘जुन्या’ म्हणून विकल्या गेल्या. ज्या देशाने हे गोळे एकेकाळी समुद्रापार मागवले, तोच देश आता तेच गोळे उलट्या दिशेने पाठवतो आहे! नकलेत बहुधा टोपी जाड नि ओबडधोबड, गळ्याचा कंगोरा शिल्लक, आणि सगळीकडे एकसारखं ‘जुनेपण’. जुनेपण कधी एकसारखं नसतं.

आणि परदेशी लिलावातला आकडा पाहून हुरळू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं जुनी, ऐतिहासिक किंवा कलेच्या महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि अशी वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. वस्तू तशी नाही, असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा लागतो. पुरावस्तूंच्या व्यापारालाही परवाना हवा. म्हणून न्यूयॉर्कची किंमत ही चौलची किंमत नव्हे. शंका असेल तर संग्रहालयातल्या जाणकारांना दाखवा, आणि गोळा नेण्याआधी फोटो न्या.

वजनावर किंमत करण्याचं काय होतं, हे याच किनाऱ्याला चांगलं ठाऊक आहे. दिवेआगरला १९९७ मध्ये सुपारीच्या वाडीत सुवर्णगणेशाचा मुखवटा सापडला. २०१२ मध्ये दरोडेखोरांनी तो पळवला आणि सोनं म्हणून वितळवला. त्यांना तो तोळ्यातच मोजता आला.

जाता जाता, घरातला जुना फोटोही काढा. गणपतीपुढे कुटुंब बसलंय आणि वर गोळे लटकतायत असा एखादा फोटो असतोच. त्याने दोन गोष्टी मिळतात. एक, तो गोळा अमुक साली घरात होता याचा पुरावा. दुसरी, काच-पट्टीवरचे जुने फोटो फार बारकाईचे असतात. मोठं करून गोळ्यात पाहा. फुगीर आरशात समोरचं सगळं असतं, म्हणजे तिपाईवरचा कॅमेरा आणि त्यामागे वाकलेला छायाचित्रकारही सापडू शकतो. जमाखर्चाच्या मोडी चोपडीत ‘काचगोळे’ अशी नोंद आणि शके मिळालं तर फारच छान: भाद्रपदातल्या नोंदीच्या शकात ७८ मिळवा, इसवी सन आलं. शके १८१० म्हणजे १८८८.

आणि गोळा लाल निघाला तर? कडेपर्यंत लाल, वरून रंगवलेला नव्हे? लाल काच करणं हे काचकारांचं जुनं दुखणं. तांब्याने होते, पण भट्टीची हवा जरा बिघडली की सगळा घाट फसतो. सोन्याने होते, पण सोनं ते सोनंच. त्यातही गंमत अशी, की सोनं विरघळलेली काच थंड झाल्यावर पांढरीच असते. ती पुन्हा तापवली की सोन्याचे अणू एकत्र येऊन बारीक कण होतात आणि मग काच माणकासारखी लाल होते. सोनं लाल? हो. कण एवढे बारीक झाले की सोनं पिवळं राहतच नाही. १८५७ मध्ये मायकेल फॅरडेने सोन्याच्या अशा कणांची लाल द्रावणं केली आणि हे गूढ उलगडायला सुरुवात झाली; त्याच्या त्या बाटल्या लंडनला अजून जपून ठेवलेल्या आहेत. तेव्हा कड तपासून लाल ठरला, टोपी पातळ पितळेची, गळा मुळापासून कापलेला आणि वजन भरपूर, तर यंदा त्याची पेटी माळ्यावर ठेवू नका. कपाटात ठेवा, आणि कपाटाला कुलूप.